कंपनीचे दप्तर सर्वांसाठी खुले

आठवड्याच्या बाजारात एखादे दिवशी नवा माणूस येतो. त्याच्या हातात छापील पत्रके असतात, पिशवीत पावतीपुस्तके असतात आणि प्लॅस्टिकच्या आवरणात जपून ठेवलेले एक प्रमाणपत्र असते. त्यावर वरच्या बाजूस सिंहमुद्रा, तिच्याखाली ‘भारत सरकार, कॉर्पोरेट कार्य मंत्रालय’ अशी अक्षरे. “कंपनी सरकारमान्य आहे, पाच वर्षांत दामदुप्पट,” असे तो सांगतो. लोकांचा विश्वास बसावा यासाठी तो प्रथम सरपंचांची अथवा शाळेतील गुरुजींची भेट घेतो. पुष्कळदा गावातील एखादा होतकरू तरुणच त्याचा प्रतिनिधी झालेला असतो. “गुरुजी, एवढा कागद बघून सांगा, खरा आहे का?” असा प्रश्न मग गावकरी विचारतात. कागद बहुधा खरा असतो. अडचण नेमकी येथेच सुरू होते.

सदर प्रमाणपत्र म्हणजे कंपनीचा जन्मदाखला होय. अमुक नावाची कंपनी अमुक दिवशी कंपनी अधिनियम, २०१३ अन्वये नोंदविली गेली, एवढेच त्यावरून सिद्ध होते. जन्मदाखल्यावरून मूल पुढे कसे निपजले हे कळत नाही, त्याचप्रमाणे या कागदावरून कंपनीची पत, तिची नीती वा तिची आजची स्थिती यांविषयी काहीही कळत नाही. शासनाने तिची हमी घेतली आहे असा तर त्याचा अर्थ मुळीच नव्हे. लोकांकडून ठेवी घेण्याचा अधिकार ही नोंदणीहून सर्वस्वी वेगळी बाब आहे. खासगी कंपनीला सर्वसाधारण जनतेकडून ठेवी मागता येत नाहीत. सार्वजनिक कंपनीलाही तिचे निव्वळ मूल्य किमान १०० कोटी रुपये अथवा वार्षिक उलाढाल किमान ५०० कोटी रुपये असेल तरच, आणि कायद्यातील अन्य अटी पाळून, तसे करता येते. वित्तीय व्यवसाय करणाऱ्या बँकेतर कंपन्यांना रिझर्व्ह बँकेची नोंदणी लागते आणि ठेवी घेण्याची मुभा त्यांपैकीही थोड्यांनाच असते. ‘निधी’ या नावाने चालणाऱ्या कंपन्या केवळ आपल्या सभासदांशीच ठेवीचा व्यवहार करू शकतात.

मग कंपनीची खरी माहिती मिळवावी कोठून? ती शासनाच्या दप्तरात असते आणि ते दप्तर कोणाही नागरिकास खुले आहे, ही गोष्ट मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

दप्तर खुले का ठेवले?

मर्यादित जबाबदारी हा कंपनी या संस्थेचा प्राण आहे. कंपनी बुडाली तर भागधारकाचे नुकसान त्याने घेतलेल्या भागांच्या रकमेपुरतेच होते, त्याच्या घरादारावर टाच येत नाही. ही फार मोठी सवलत आहे. तिच्या मोबदल्यात कायद्याने कंपन्यांवर एक बंधन घातले. आपला कारभार कोण पाहतो, भांडवल किती, कर्ज किती, जमाखर्च कसा, हे त्यांनी निबंधकाकडे नोंदवावे आणि ज्याला पाहावयाचे असेल त्याला ते पाहता यावे. इंग्लंडमध्ये १८४४ च्या अधिनियमाने कंपनी निबंधकाचे पद निर्माण झाले. हिंदुस्थानात कंपन्यांच्या नोंदणीचा पहिला कायदा १८५० साली झाला.

या बंधनाची गरज मुंबईने फार लवकर अनुभवली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध सुरू असताना मुंबईच्या कापसाला अतोनात भाव आला आणि शहरात पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजना निघाल्या, नित्य नव्या कंपन्या स्थापन होऊ लागल्या आणि कंपनीचा धंदा काय याची विचारपूस न करता लोक भाग घेऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध थांबले, कापूस कोसळला आणि त्यासरशी असंख्य कुटुंबे धुळीस मिळाली.

कंपन्यांचे हे दप्तर दीर्घकाळ खुले होते ते कागदोपत्रीच. मुंबईस मरीन ड्राइव्हवरील एव्हरेस्ट इमारतीत निबंधक कार्यालय होते. तेथे जाऊन अर्ज करावयाचा, शुल्क भरावयाचे आणि धारिका बाहेर येईपर्यंत थांबावयाचे. दूरच्या जिल्ह्यातील माणसाने त्यासाठी प्रवासखर्च का करावा? २००६ साली केंद्र शासनाने ‘एमसीए-२१’ हा प्रकल्प सुरू केला. तेव्हापासून कंपन्यांची कागदपत्रे संगणकाद्वारे दाखल होऊ लागली आणि मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ती पाहण्याची सोय झाली. ज्याच्या घरी इंटरनेट आहे किंवा ज्याच्या गावात आपले सरकार सेवा केंद्र आहे, त्याला आता या माहितीसाठी मुंबई गाठण्याचे कारण उरलेले नाही.

एकवीस अक्षरांचा क्रमांक

शोध घेण्याचा उत्तम मार्ग म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक. नावावरून शोधता येते, परंतु एकसारख्या नावांच्या कंपन्या डझनावारी निघतात. म्हणून क्रमांक आधी मागून घ्यावा. कंपनीने आपले नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता व हा क्रमांक आपल्या पत्रांवर आणि बिलांवर छापणे कायद्याने आवश्यक आहे. ज्या पत्रकावर तो नाही, ते पत्रक देणाऱ्याकडे संशयाने पाहण्यास हरकत नाही.

या क्रमांकात अक्षरे व अंक मिळून एकवीस चिन्हे असतात आणि ती अर्थपूर्ण असतात. उदाहरणार्थ, टाटा स्टील कंपनीचा क्रमांक ‘एल २७१०० एमएच १९०७ पीएलसी ०००२६०’ असा आहे. पहिले अक्षर ‘एल’ असल्यास कंपनीचे भाग शेअर बाजारात नोंदलेले आहेत असे समजावे, ‘यू’ असल्यास नाहीत. पुढील पाच अंक उद्योगाचा प्रकार सांगतात. येथे २७१०० हा लोखंड व पोलादाचा आहे. ‘एमएच’ म्हणजे महाराष्ट्र. १९०७ हे स्थापनेचे वर्ष. ‘पीएलसी’ म्हणजे सार्वजनिक कंपनी, खासगी असल्यास त्या जागी ‘पीटीसी’ येते. अखेरचे सहा अंक निबंधकाच्या नोंदवहीतील अनुक्रमांकाचे असून, येथे तो अवघा २६० आहे, यावरून ही कंपनी किती जुनी हे ध्यानात येईल.

राज्याच्या अक्षरांवरून मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. टाटा स्टीलचा प्रसिद्ध कारखाना जमशेदपूरला, म्हणजे झारखंडात आहे. तिचे नोंदणीकृत कार्यालय मुंबईत असल्याने क्रमांकात महाराष्ट्र आला. बाजारातील तो प्रतिनिधी दाखवितो त्या क्रमांकात ‘यू’ आणि ‘पीटीसी’ ही अक्षरे असतील, तर जनतेकडून ठेवी मागण्याचा तिला अधिकार नाही हे संगणक न उघडताही सांगता येते.

कंपनीचा सातबारा

क्रमांक घातल्यावर संकेतस्थळावर कंपनीची जी मूलभूत माहिती दिसते, तिला कंपनीचा सातबारा म्हणावयास प्रत्यवाय नसावा. शेत विकत घेताना खातेदार कोण, फेरफार कोणते, इतर हक्कांत बोजा कोणाचा, हे आपण पाहतो. त्याच नजरेने हा उतारा वाचावा. ही माहिती पाहण्यास शुल्क पडत नाही.

प्रथम कंपनीची अवस्था पाहावी. ती चालू आहे, परिसमापनात आहे, की तिचे नाव नोंदवहीतून काढून टाकले आहे, हे तेथे लिहिलेले असते. ही नुसती औपचारिकता नव्हे. सलग दोन वा अधिक वर्षे विवरणपत्रे दाखल न करणाऱ्या सुमारे सव्वादोन लाख कंपन्यांची नावे २०१७ मध्ये निबंधकांनी नोंदवहीतून काढून टाकली. अशा कंपन्यांची प्रमाणपत्रे मात्र कोणी परत घेत नाही. ती आवरणात तशीच चकाकत राहतात.

त्यानंतर भांडवल. येथे दोन आकडे असतात आणि फसगत बहुधा याच ठिकाणी होते. अधिकृत भांडवल म्हणजे कंपनी जास्तीत जास्त किती रकमेचे भाग काढू शकेल ती मर्यादा. भरणा झालेले भांडवल म्हणजे भागधारकांनी प्रत्यक्ष दिलेला पैसा. “आमची दहा कोटींची कंपनी आहे” असे म्हणणाऱ्या कंपनीचे भरणा झालेले भांडवल एक लाख रुपयेही असू शकते. त्यात खोटे काही नसते, फक्त कोणता आकडा सांगावयाचा हे त्याने ठरविलेले असते.

शेवटची वार्षिक सर्वसाधारण सभा कधी झाली आणि शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा आहे, याही दोन तारखा तेथे मिळतात. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपल्यावर सर्वसाधारणपणे ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा घ्यावी लागते. सभेनंतर ३० दिवसांत जमाखर्चाची पत्रके आणि ६० दिवसांत वार्षिक विवरणपत्र दाखल करावे लागते. शेवटचा ताळेबंद तीन-चार वर्षांपूर्वीचा असेल, तर ती कंपनी आज लोकांकडून कशाच्या आधारावर पैसे मागते, असा प्रश्न जरूर विचारावा.

संचालकांची नावे व नेमणुकीच्या तारखाही दिसतात. सर्व संचालक गेल्या दोन महिन्यांत बदललेले असतील तर त्याचे कारण विचारावे. बोजाच्या नोंदीत कंपनीने कोणत्या बँकेकडे काय तारण ठेवून किती कर्ज घेतले आणि ते फिटले की नाही, हे दिसते. मात्र ही नोंद तारण कर्जाचीच असते. विनातारण उसनवारी तेथे सापडणार नाही, ती ताळेबंदात शोधावी लागते.

ताळेबंद, लेखापरीक्षकाचा अहवाल, मेमोरँडम नावाने ओळखले जाणारे उद्दिष्टपत्र इत्यादी मूळ कागद पाहावयाचे असल्यास संकेतस्थळावर आपले नाव नोंदवून कंपनीमागे १०० रुपये शुल्क भरावे लागते. लाखाची ठेव ठेवण्यापूर्वी शंभर रुपये खर्च करणे महाग म्हणता येणार नाही. ताळेबंदातील आकडे ज्यांना उमगत नाहीत त्यांनी निदान लेखापरीक्षकाचा अहवाल वाचावा. लेखापरीक्षकास जे पटले नाही ते त्याला तेथे नमूद करावे लागते.

दप्तरात असते तेवढे सारे खरे?

येथे एक सावधगिरीची सूचना करणे अगत्याचे आहे. निबंधकाकडील कागद कंपनीनेच लिहून दिलेले असतात. त्यातील प्रत्येक आकडा निबंधक पडताळून पाहत नाही. ‘सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ ही हैदराबादची कंपनी भारतातील शेअर बाजारांप्रमाणेच न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातही नोंदलेली होती. तिची पत्रके वेळेवर दाखल होत आणि त्यांचे लेखापरीक्षणही होत असे. ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केले की, ताळेबंदात दाखविलेल्या रोख व बँकेतील शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते.

शिवाय ही माहिती नेहमी थोडी शिळी असते. वार्षिक सभेची मुदत ध्यानी घेता, उपलब्ध ताळेबंद कधी कधी दीड वर्षापूर्वीचा असू शकतो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांची गोष्ट निराळी. त्यांना तिमाही निकाल सामान्यतः ४५ दिवसांत जाहीर करावे लागतात आणि ते मुंबई शेअर बाजार व राष्ट्रीय शेअर बाजार यांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य वाचता येतात. इंग्लंडमध्ये ‘कंपनीज हाउस’ या निबंधक कार्यालयाने २०१५ पासून आपले संगणकीय दप्तर विनाशुल्क केले आहे. अमेरिकेतील ‘एडगर’ हे दप्तरही विनामूल्य आहे, परंतु तेथे मुख्यतः रोखे बाजाराशी संबंधित कंपन्यांचीच कागदपत्रे असतात. लंडनमधील कंपनीत नोकरी देतो असे सांगून गावातील मुलाकडून कोणी आगाऊ रक्कम मागत असेल, तर ती कंपनी मुळात आहे काय, हे येथूनच पाहता येते.

आणि जे या दप्तरात नसते त्याचाही विसर पडू नये. पतसंस्था व दूध संस्था सहकार खात्याकडे, एकाहून अधिक राज्यांत काम करणाऱ्या सहकारी संस्था केंद्रीय निबंधकाकडे आणि सार्वजनिक न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असतात. त्यांची नावे येथे न सापडल्यास संस्था खोटी ठरत नाही.

आपलीच कंपनी

आतापर्यंत दुसऱ्याच्या कंपनीविषयी लिहिले. परंतु गावोगावच्या शेतकरी उत्पादक कंपन्याही याच दप्तरात आहेत आणि पंचायतीचे अनेक सदस्य त्यांचे संचालक आहेत. सहकारी संस्थेच्या सवयीने अनेकांची अशी समजूत असते की, व्यवहार झाला नाही त्या वर्षी कागद पाठविण्याची गरज नाही. कंपनी कायद्यास ही सबब मान्य नाही. एक किलो तूरही विकली नसली तरी जमाखर्चाची पत्रके व वार्षिक विवरणपत्र दाखल करावेच लागते. उशीर झाल्यास प्रत्येक पत्रकामागे दररोज १०० रुपये अतिरिक्त शुल्क पडते. दोन्ही पत्रके वर्षभर राहिली तर ही रक्कम ७३,००० रुपये होते. अनेक लहान उत्पादक कंपन्यांचे भरणा झालेले भांडवलही त्याहून फारसे अधिक नसते. सलग तीन वर्षे पत्रके न गेल्यास संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. केंद्र शासनाने २०२० साली अतिरिक्त शुल्काची माफी देणारी योजना आणली होती, परंतु अशी माफी पुन्हा मिळेलच या भरवशावर राहणे शहाणपणाचे नाही.

ज्या संचालकांनी आपल्या कंपनीचा उतारा अद्याप पाहिलेला नाही, त्यांनी शोधाची सुरुवात तिच्यापासूनच करावी. शेवटच्या ताळेबंदाची तारीख मागे पडलेली दिसल्यास सनदी लेखापालाची गाठ घ्यावी आणि राहिलेली पत्रके जुन्या वर्षापासून क्रमाने दाखल करावीत.