कृत्रिम माशीचा गळ आणि त्याचे रीळ

गळाने मासे धरण्याच्या बहुतेक पद्धतींत गळाजवळ शिशाचा तुकडा बांधतात. तो भिरकावला की त्याच्यामागून हलकी दोरी जाते. ट्राउट माशासाठी वापरली जाणारी कृत्रिम माशी मात्र पिसे व धागा यांची बनविलेली असते आणि तिला वजन असे जवळजवळ नसतेच. म्हणून या पद्धतीत वजन दोरीलाच दिलेले असते. नवशिके बहुधा पाच क्रमांकाची दोरी घेतात. तिचे पहिले ३० फूट सुमारे ९ ग्रॅम भरतात. काठीच्या झोक्याने ही दोरी हवेत उलगडत जाते व माशी तिच्यामागून ओढली जाते.

या फेकीत रिळाला काहीच काम नाही. दोरी रिळावरून हातानेच काढून घ्यावयाची असते. मासा लहान असेल, तर रीळ म्हणजे दोरी ठेवण्याची जागा, एवढेच. १८७४ साली अमेरिकेतील चार्ल्स ऑर्व्हिस यांनी पेटंट घेतलेले रीळ अरुंद असून त्याच्या दोन्ही बाजूंना भोके होती. त्यामुळे रीळ हलके झाले आणि त्या काळची रेशमी दोरी वाळणेही सोपे झाले. आजची रिळेही पुष्कळशी त्याच वळणाची असतात.

परंतु गळाला रामगंगेतील मोठा महसीर लागला म्हणजे गोष्ट वेगळी होते. तो प्रवाहाबरोबर धाव घेतो. सुमारे २७ मीटरांची मुख्य दोरी संपते आणि तिच्यामागे जोडलेली बारीक, चिवट दोरी सुटू लागते. माशीजवळचा नायलॉनचा तंतू सर्वांत नाजूक असतो. तो तुटू नये म्हणून रिळाने दोरी सोडावी, पण ओढ कायम ठेवून सोडावी लागते. साध्या रिळात हे काम दातेरी चाकावर टिकटिकणारी खिटी करते, तर इतर रिळांत एकमेकींवर घासणाऱ्या चकत्या करतात.

येथे एक गोष्ट नवशिक्याला चकविते. समजा, भरलेल्या रिळावर दोरीचा थर मध्यापासून ४ सेंटिमीटरांवर आहे आणि दोरी सुटण्यास ४०० ग्रॅमची ओढ लागते. दोरी संपत जाऊन थर २ सेंटिमीटरांवर आला, की ब्रेकला हातही न लावता ती ओढ ८०० ग्रॅम होते. कारण चाक फिरविणारी तरफच निम्मी झालेली असते. शिवाय लांब दोरीवर पाण्याचा रेटा असतो तो निराळाच. अशा वेळी ब्रेक आणखी आवळला, तर तंतू तुटतो आणि मासा तोंडातील गळासह निघून जातो. दोरी कमी होऊ लागताच ब्रेक थोडा सैल करावयास हवा.

मोठ्या गाभ्याच्या रिळांत हा फरक पुष्कळ कमी पडतो. तथापि ट्राउटच्या लहान ओढ्यावर त्यांची गरज क्वचितच भासते. तेथे साधी खिटी आणि चाकाच्या कडेवर हलकेच टेकविलेला तळहात पुरतो.