पौंडाला आणा, टनाला रुपया

अळणावर जंक्शन हे नाव मराठी माणसाला बहुधा रेल्वेच्या वेळापत्रकातच भेटते. लोंढ्याहून धारवाडकडे निघालेली गाडी जंगलातून बाहेर पडता पडता इथे थांबते. फलाटावर कन्नड, मराठी, उर्दू, कोकणी असे सगळे कानावर येते. इथूनच एक फाटा दांडेलीला जातो, जेमतेम तीसेक किलोमीटरचा. तो इंग्रजी अमदानीत घातला गेला तो जंगलातले लाकूड बाहेर काढण्यासाठी. माणसे वाहायची गाडी गेल्या शतकाच्या अखेरीस बंद पडली आणि 2019 च्या नोव्हेंबरात पुन्हा सुरू झाली. फाट्याच्या दुसऱ्या टोकाला, काळी नदीच्या काठी, कागदाची गिरणी आहे.

देशी उद्योगाला परदेशी मालापासून आडोसा द्यावा का, हा वाद आपल्याकडे पोलाद आणि कापडाच्या नावाने चालतो. कागदाचे नाव कोणी घेत नाही. खरे तर या वादाचा अख्खा हिशेब याच फाट्यावर मांडता येतो. कारण आडोसा फुकट मिळत नसतो, त्याचे पैसे कोणीतरी भरतो. कोणी भरले हे कागदाच्या बाबतीत दोनदा विचारता येते आणि दोन्ही वेळची उत्तरे वेगळी निघतात.

न्यायमूर्ती रानड्यांनी 1892 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. इंग्लंडला मानवणारा खुला व्यापार हिंदुस्थानालाही मानवेलच असे नाही, हा त्याचा रोख. त्यांचे शिष्य गोखले गुरूचे बोट धरून चालणारे, पण हिशेबाला पक्के. 1911 साली वरिष्ठ कायदेमंडळात परदेशी साखरेवरच्या जकातीची चर्चा निघाली, तेव्हा त्यांनी संरक्षणाचे दोन प्रकार सांगितले: योग्य आणि अयोग्य. पहिल्यात वाढत्या उद्योगाला हात मिळतो. दुसऱ्यात वजनदार मंडळी एकत्र येऊन आपली सोय करून घेतात आणि भुर्दंड बाकीच्यांना बसतो. माझ्या मते या विषयावर त्यानंतर जे काही बोलले गेले, ते बव्हंशी या वाक्याचे भाष्य आहे.

मुंबईच्या सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने 1922 साली पारखून संरक्षण देण्याची शिफारस केली. कच्चा माल, मजूर, बाजारपेठ अशी काही नैसर्गिक अनुकूलता उद्योगाला हवी. मदतीशिवाय तो उभा राहू शकत नसावा. आणि पुढेमागे जगाशी टक्कर देण्याच्या लायकीचा व्हावा. मग टॅरिफ बोर्ड आले. 1924 साली पोलादाला आडोसा मिळाला आणि 1925 साली कागदाला. कायद्याच्या नावातच बांबू होता. युरोपचा कागद लाकडाच्या लगद्याचा. आपल्याकडे बांबू अमाप, पण त्याचा लगदा करण्याची रीत अजून प्रयोगात होती. ती पक्की होईपर्यंत छपाईच्या आणि लिहिण्याच्या परदेशी कागदावर पौंडाला एक आणा जकात बसली. मुदत सात वर्षे. वर्तमानपत्राचा हलका कागद वगळला होता.

म्हणजे आणा भरला तो पाठ्यपुस्तक आणि वही घेणाऱ्याने. गंमत म्हणजे हा भार उघडा होता: दर ठरलेला, मुदत ठरलेली. 1932 साली मुदत संपली तेव्हा प्रश्न पुन्हा कायदेमंडळापुढे आला आणि या वेळी परदेशी लगद्यावरही टनाला 45 रुपये कर बसला, म्हणजे गिरण्यांनी आयात लगद्यावर न भागवता बांबूकडे वळावे. ज्याला ‘बाळ उद्योग’ म्हणतात, त्याच्या वयाची चौकशी निदान होत होती.

दांडेलीची वेस्ट कोस्ट पेपर मिल्स 1955 ची. दांडेली तेव्हा मुंबई राज्यात होती, पुढल्याच वर्षी म्हैसूर राज्यात गेली. 1959 पासून कागद निघू लागला. स्वतंत्र भारतात आयातीवर परवाने होते, पण गिरणीला आणखी एक आडोसा मिळाला, जो जकातीच्या कोणत्याच पत्रकात सापडत नाही. जंगलातला बांबू तिला टनाला रुपया-दीड रुपया अशा दराने मिळे. त्याच उत्तर कन्नडच्या जंगलावर जगणारे बुरूड, तिकडे त्यांना मेदार म्हणतात, ते बांबू बाजारभावाने घेत, अनेक पटींनी जास्त देऊन.

बुरूड बांबू कसा घेतो ते एकदा पाहावे. तो बेटाभोवती फिरतो, पेरांची लांबी बघतो, कोयत्याच्या पाठीने टकटक करतो. सुपाला लांब पेराचा, फार कोवळा नाही आणि फार जून नाही असा हिरवा बांबू हवा, नाहीतर कामट्या वळताना तडकतात. गिरणीला यातले काही नको. तिला हवे टन.

1975 साली बुरुडांची तक्रार कर्नाटकाचे अर्थमंत्री एम. वाय. घोरपडे यांच्यापर्यंत गेली. हे सांडूरच्या मराठा राजघराण्यातले, वन्यजीवांची छायाचित्रे काढणारे. त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या माधव गाडगीळांना हे पाहायला सांगितले. योगायोग असा, की माधवरावांचे वडील धनंजयराव गाडगीळ. हिंदी उद्योगाच्या वाढीवरचा त्यांचा 1924 चा ग्रंथ आजही वाचला जातो. बापाने उद्योगाचा इतिहास लिहिला, लेकाने त्या उद्योगाचे बिल तपासले.

तपासात बुरुडांपेक्षा गिरणीच बांबू संपवते आहे असे निघाले, आणि वनखात्याचे साठ्याचे अंदाज फुगलेले होते. सर्वांत बोलका तपशील काट्यांचा. वाढ चांगली व्हावी म्हणून बेटाच्या बुडाशी असलेली काटेरी जाळी साफ करायची, असा खात्याचा नियम होता. गावकरी म्हणत होते, काटे काढले की गुरे आणि वानरे नवे कोंब खातात, बेट मरते. गाडगिळांनी मोजून पाहिले. गावकऱ्यांचे खरे होते. मग गिरण्या लांबच्या जंगलांकडे गेल्या, निलगिरीकडे, पुढे शेतकऱ्याच्या सुबाभळीकडे. शेतकरी रुपयाला टन देत नाही, हा फरक.

गिरण्या बांधून देशाचे काही बिघडले असे मला म्हणायचे नाही. दांडेलीला पगार आले, शाळा आल्या आणि तुमच्या हातातला अंकही कुठल्या तरी गिरणीचाच. पण पौंडाच्या आण्यावर कायदेमंडळात भांडण झाले, टनाच्या रुपयावर झाले नाही.

आता वारा पुन्हा बंदराकडून आहे. आसियान देशांशी 2010 पासून लागू असलेल्या करारामुळे तिकडचा कागद जकातीविना येतो, म्हणून गिरण्या ओरडतात. 2022 च्या ऑक्टोबरपासून आयात कागदाची आगाऊ नोंदणी लागते आणि 2025 च्या ऑगस्टात खोक्यांच्या बहुपदरी पुठ्ठ्याला टनाला 67,220 रुपये किमान आयात किंमत ठरली. ही किंमत भरायची ती औषधाचे खोके करणाऱ्या छोट्या कारखानदाराने. त्याचे म्हणणे कितपत ऐकले गेले, याची मला उत्सुकता आहे.

गडचिरोलीत मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला 2011 साली आपला बांबू स्वतः विकण्याचा हक्क मिळाला. 2017 साली जंगलाबाहेरचा बांबू कायद्याने ‘झाड’ राहिला नाही. तो तोडायला आणि न्यायला परवाना लागेनासा झाला. बुरुडाला हे सारे उशिराच मिळाले. बाजारात त्याच्या सुपाशेजारी आता प्लास्टिकची निळी-लाल सुपे रचलेली असतात. तरी लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री अलक्ष्मीला हाकलायला जुन्या घरांत सूप बडवतात, ते बांबूचेच लागते. प्लास्टिकचे वाजत नाही.