बर्फातला वखर

सीताबर्डीच्या माणसाला बर्फ ठाऊक असतो तो गोळेवाल्याच्या गाडीवरचा. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जाऊन बसला की त्या किसलेल्या बर्फाभोवती लहानथोर गोळा होतात. हाच पदार्थ आकाशातून फुकट अंगणात पडतो आणि तो दूर लोटण्यासाठी लोक पदरमोड करून यंत्रे घेतात, असे कुणी सांगितले तर आमचा नागपूरकर सांगणाऱ्याकडे संशयानेच पाहील. डिसेंबर २०२२ मध्ये मी हा प्रकार डोळ्यांनी पाहिला.

माझी थोरली बहीण आणि भाऊजी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिस शहराबाहेर राहतात. तिकडे बर्फाचे कौतुक कुणाला नाही. १९९१ साली ३१ ऑक्टोबरला सुरू झालेल्या हिमवादळाने चार दिवसांत त्या शहरावर २८ इंच बर्फ ओतला होता. आपल्याकडे तेव्हा दिवाळीच्या करंज्या तळल्या जात होत्या.

मराठीचा मास्तर म्हणून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. चिखल, राड, रेंदा, गाळ असे चिखलाचे नाना प्रकार आपण शब्दांनी वेगळे केले. पण कारखान्यातली लादी आणि आभाळातून पडणारा कापूस या दोघांची बोळवण एकट्या ‘बर्फ’ शब्दावर केली. म्हणूनच की काय, हा कापूस हलका असेल अशी आपली समजूत असते. हिशेब करून पाहा. ताईच्या घराच्या फाटकापासून मोटारखान्यापर्यंतची वाट २० मीटर लांब, ५ मीटर रुंद. तिच्यावर २० सेंटिमीटर बर्फ पडला की झाले २० घनमीटर. ताजा, कोरडा बर्फ घनमीटरला १०० किलो धरला तरी दोन टन भरतात! ओला असेल तर याच्या दुप्पट-तिप्पट.

हे दोन टन भाऊजी वर्षानुवर्षे फावड्याने उचलीत आले होते. पण त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी फावड्याला हात लावायचा नाही असे बजावले. कडक थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, हातांच्या श्रमाने रक्तदाब चढतो. या दोहोंच्या कात्रीत तिकडे दर हिवाळ्यात माणसे दगावतात. बर्फ काढणारे कंत्राटदार मिळतात, पण वादळाच्या दिवशी ते त्यांच्या सोयीने उगवणार. शिवाय समोरच्या घरात एक वृद्ध बाई एकट्या राहतात. त्यांना ऑक्सिजनचे सिलिंडर लागतात, आणि ते आणणाऱ्या गाडीला दारापर्यंत वाट हवी. ती वाटही भाऊजीच मोकळी करीत.

तेव्हा ताईने एक जुनी ए.टी.व्ही. घेतली. चार फुगीर चाकांची, मोटारसायकलसारखी हँडल धरून चालवायची ही गाडी. याच राज्याच्या उत्तर टोकाला रोझो नावाचे लहानसे गाव आहे. तिथे १९५४ साली निघालेल्या पोलॅरिस या कंपनीने आधी बर्फावर घसरत जाणाऱ्या गाड्या केल्या आणि १९८५ पासून अशा चारचाकीही. नव्या गाड्यांत इंजिनाची ताकद बहुधा चारी चाकांना पोहोचते. ताईच्या गाडीत ती फक्त मागच्या दोन चाकांना. म्हणून ती स्वस्तात मिळाली. पुढे लोखंडी पाते बसवून घेतले.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात बर्फ पडला आणि ताई गाडीवर बसली. नागपुरात बर्डी ते धरमपेठ लुना पळवलेली ही मुलगी, तिला भीती कसली? गाडी दहा-बारा पावले गेली, पात्यापुढे बर्फाचा ढीग झाला आणि मागची चाके जागच्या जागी गरगरू लागली. जितकी फिरली तितका खालचा बर्फ घासून काचेसारखा गुळगुळीत झाला.

“इंजिनाला जोर कमी पडतो आहे,” भाऊजी खिडकीतून म्हणाले.

“जोर नाही हो, वजन कमी पडते,” ताई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “काटोलच्या शेतातला आजोबांचा वखर आठवते का तुला? ढेकळे फुटत नसली की आपल्या दोघांना वरच्या लाकडावर बसवायचे.”

उपमा तंतोतंत नव्हती. वखरावर वजन हवे ते जमिनीत पास रुतावी म्हणून. इथे पात्याला खणायचे नसते, वजन हवे ते मागच्या चाकांना. उलट पुढे लटकलेले पाते उचलले की भार पुढे जातो आणि मागची चाके आणखी हलकी होतात. पण दिशा बरोबर होती. बासमतीची दोन रिकामी पोती मी वाळूने भरली, ती मागच्या घोडीवर आवळून बांधली. मागच्या चाकांना साखळ्या चढवल्या. गाडी चालू लागली!

आमचे शेतकरी याहून काय निराळे करतात? ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये ते पाणी भरतात ते याच वजनासाठी, आणि भंडारा-गोंदियाकडे धानाच्या चिखलणीला लोखंडी पिंजऱ्याची चाके लावतात ती याच पकडीसाठी. आपली सीमा सडक संघटना १९६० साली स्थापन झाली. साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजिला घाटात तिचे डोझर बर्फ लोटतात ते पट्ट्यांवर टेकलेल्या कित्येक टनांच्या भारावर. ताईच्या वाट्याला पन्नास किलो वाळू आली होती. तेवढ्यात भागवायचे तर वागण्याची रीत बदलावी लागते.

ती रीत ताईने आठवडाभरात बसवली. बर्फ थांबायची वाट पाहायची नाही. तीन-चार इंच साचला की निघायचे, मग रात्रीचे दोन वाजले असोत. पाते तिरपे ठेवून बर्फ कडेला सारायचा, सरळ रेटायचा नाही. उतार असेल तिथे वरून खाली लोटायचे, आणि मागे येताना साफ केलेल्या पट्ट्यावरूनच यायचे. सरकारी गाडी रस्ता साफ करताना फाटकाच्या तोंडाशी जो घट्ट बांध टाकून जाते तो गोठण्याआधी थोडा थोडा कोरायचा. एका दमात घेतला तर चाके पुन्हा गरगरतात. तो सार्वजनिक रस्त्यावर परत ढकलणे कायद्याने मना आहे, हे सांगायला हवेच. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हंगामाचा पहिला बर्फ होईल तितका लांब नेऊन टाकायचा. कडेचा ढीग गोठून दगड होतो आणि पुढचा बर्फ टाकायला जागा उरत नाही. भाऊजींना हे पटेना. मोकळे अंगण पडले असताना इतक्या दूर कशाला, असे ते रोज खिडकीतून विचारीत. हातात फावडे नसलेल्या माणसाची ही तगमग मला फार जाणवली.

ख्रिसमसच्या आधी थंडी उणे २० अंशांच्या घरात गेली. त्या पहाटे ताईने आधी समोरच्या बाईंची वाट काढली, मग स्वतःची. साडेनऊला सिलिंडरची गाडी आली, थेट दाराशी थांबली. चालकाने सिलिंडर उतरवले, सही घेतली आणि तो निघून गेला.

त्या हिवाळ्यात मिनिआपोलिसमध्ये एकूण ९० इंच बर्फ पडला. मार्चमध्ये ताईचा फोन आला तेव्हा शेजारचे लोक पुरुषभर उंच ढिगांवर आणखी बर्फ कसा चढवावा या विवंचनेत होते. ताईच्या वाटेच्या कडेला अजून हातभर जागा शिल्लक होती. मग फोन भाऊजींनी घेतला आणि काटोलकडे आजही कुणी वखर हाकतो का, म्हणून विचारले.