फोमची गोळी आणि काळा रंग

गेल्या वर्षीच्या जुलैतली गोष्ट. दिवसभर पावसाची संततधार होती, त्यामुळे संध्याकाळचे रुग्ण बेताचेच. कंपाउंडर खिडक्या लावत असताना आमच्या गल्लीतले निवृत्त गुरुजी छत्री मिटत आत आले. सोबत नऊ वर्षांचा नातू, उजव्या डोळ्यावर रुमाल धरलेला. मागे आणखी दोन नातवंडे. एक पॉलिटेक्निकला जाणारा, मान खाली घालून उभा. दुसरा बारा वर्षांचा, अमेरिकेतून सुटीला आलेला.

"विशेष काही नाही डॉक्टर," गुरुजी म्हणाले, "खेळताना स्पंजची गोळी लागली. गुलाबपाणी घातलंय. तुम्ही एखादा ड्रॉप लिहून द्या म्हणजे झालं."

खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले. मुलाला टेबलावर आडवे केले आणि टॉर्च मारला. डोळा लाल, पाणी गळते आहे, उजेड सहन होत नाही. समोर बोटे धरली, ती त्याने चाचपडत का होईना पण बरोबर मोजली. मी चिठ्ठी लिहायला घेतली. तेवढ्यात मुलाला उलटी झाली. त्याला उठवून बाकावर बसवले, तोंड धुवायला पाणी दिले. गुरुजींच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा विषय निघाला आणि त्यात वीसेक मिनिटे गेली. निघताना सहज पुन्हा टॉर्च मारला आणि लिहिलेली चिठ्ठी फाडून टाकली. बुबुळाच्या पारदर्शक काचेमागे, अगदी तळाला, रक्ताची एक आडवी रेघ दिसत होती. पेल्याच्या बुडाशी कोकमाचा अर्क बसावा तशी.

डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो. जोराचा मार बसला की आतली बारीक रक्तवाहिनी फुटते आणि रक्त त्या द्रवात मिसळते. मूल आडवे असेल तर ते पसरते आणि टॉर्चच्या उजेडात सहज नजरेतून निसटते. मूल बसले की खाली थर जमतो. पंचवीसहून अधिक वर्षे दवाखाना चालवणारा मी, त्या मुलाला उलटी झाली नसती तर ड्रॉप देऊन घरी पाठवणार होतो.

डोळ्यावर कागदी पेला उलटा ठेवून चिकटपट्टीने बसवला आणि त्याच रात्री त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले.

दुसऱ्या दिवशी गुरुजींचा धाकटा मुलगा, म्हणजे त्या अमेरिकेतल्या मुलाचे वडील, दवाखान्यात आले. कापडी पिशवीतून त्यांनी ते 'खेळणे' काढून टेबलावर ठेवले. मी खुर्चीत मागे सरकलो, कंपाउंडर तर दारापाशी गेला. काळेकुळकुळीत पिस्तूल, नळी लांब, मूठ जाड. हातात घेतल्यावर वजनावरून कळले की प्लास्टिक आहे.

"हे मी आणलं तेव्हा निळं आणि नारिंगी होतं," ते म्हणाले.

यांना तिकडे बंदूक म्हणत नाहीत, 'ब्लास्टर' म्हणतात. त्यांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. रेन गायर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९६९ साली फोमचा चेंडू काढला आणि पार्कर ब्रदर्स कंपनीने तो 'नर्फ' या नावाने १९७० मध्ये बाजारात आणला. घरात खेळा, दिवा फुटणार नाही, पोराला लागणार नाही, ही त्याची जाहिरात. पुढे १९८९ मध्ये फोमचे गोळे उडवणारे खेळणे आले आणि १९९२ मध्ये फोमची लांबट गोळी, म्हणजे डार्ट, मारणारे पहिले ब्लास्टर. आज तिकडे हा नुसता मुलांचा खेळ राहिलेला नाही. मोठी माणसे हे ब्लास्टर गोळा करतात, उघडतात, स्प्रिंग बदलतात, सुटे भाग घरच्या यंत्रावर छापतात, रंगवतात. मेरीलँड राज्यातल्या गाउचर कॉलेजात २००५ मध्ये 'माणसे विरुद्ध भुते' अशा धर्तीचा एक खेळ निघाला आणि तो अनेक कॉलेजांत पसरला. भुतांना थोपवायचे ते फोमच्या गोळ्यांनी किंवा गुंडाळलेल्या पायमोज्यांनी. मला स्वतःला पायमोज्यांची कल्पना फार आवडली.

या छंदाला मी नावे ठेवणार नाही. पोरे मोबाइल सोडून पळतात, घाम गाळतात, स्प्रिंग आणि हवेचा दाब म्हणजे काय ते हाताने शिकतात. लहानपणी आम्हीही जत्रेतले टिकल्यांचे पिस्तूल घेऊन गावभर हिंडलो. बंदुकीशी खेळला म्हणून पोर पुढे गुंड निघाले, असे माझ्या पाहण्यात नाही. पण डॉक्टर म्हणून दोन गोष्टी मला खटकतात, आणि त्या दिवशी त्या दोन्ही एकाच टेबलावर आल्या होत्या.

पहिली स्प्रिंगची. फोमची एक गोळी जेमतेम एक ग्रॅम वजनाची असते. दुकानातून आणलेले ब्लास्टर ती साधारण ताशी ७५ किलोमीटर वेगाने फेकते. पॉलिटेक्निकवाल्या दादाने मोबाइलवर पाहून ब्लास्टर उघडले आणि आत कडक स्प्रिंग बसवली. छंदवाले अशाने वेग दुप्पट करतात. वेग दुप्पट झाला की माऱ्याची ताकद दुप्पट होत नाही, चौपट होते. दादाच्या पुस्तकात हे आहेच, पण पुस्तक परीक्षेपुरते.

शिवाय मापाचाही प्रश्न आहे. क्रिकेटचा चेंडू तोंडावर आला तर भुवईचे आणि गालाचे हाड आधी मार खाते, डोळा खोबणीत बऱ्याचदा बचावतो. फोमची गोळी जेमतेम १३ मिलिमीटर जाड. बुबुळाची रुंदी १२ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे ती हाडांच्या मधून थेट डोळ्यावर जाते, जणू मापानेच बनवली आहे. अंग फोमचे असले तरी टोक रबराचे असते, आणि स्वस्तातल्या नकली गोळ्यांचे टोक त्याहून कडक निघते. लंडनच्या मूरफील्ड्स या प्रसिद्ध नेत्र रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१७ मध्ये अशा तीन रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. दोन मोठी माणसे आणि एक ११ वर्षांचा मुलगा. तिघांच्याही डोळ्यांत आमच्या रुग्णासारखेच रक्त साचले होते. हा खेळ खेळताना संरक्षक चष्मा वापरावा, असे त्यांनी सुचवले.

अमेरिकेतल्या नातवाने बॅगेतून चष्मे आणलेही होते. पावसाळी हवेत त्यांवर वाफ धरते म्हणून धाकट्याने काढून ठेवला. "मी सांगितलं होतं त्याला," असे तो बारा वर्षांचा मुलगा मला दोनदा म्हणाला. बिचारा रडकुंडीला आला होता.

दुसरी गोष्ट रंगाची. गंमत अशी की मुलाचे वडील स्प्रिंगमुळे जितके चिडले होते, त्याहून कितीतरी जास्त रंगामुळे. दादाने मोटारसायकलच्या गॅरेजमधून काळ्या रंगाचा स्प्रे आणून ते 'खरे वाटावे' म्हणून रंगवले होते. मी म्हटले, "अहो, रंगाने काय डोळा फुटतो?" तेव्हा त्यांनी जे सांगितले ते लिहिल्यावाचून राहवत नाही.

ते राहतात ओहायो राज्यात, क्लीव्हलँडजवळ. त्या शहरात २२ नोव्हेंबर २०१४ रोजी तमीर राइस नावाचा बारा वर्षांचा मुलगा बागेत खेळण्यातले पिस्तूल घेऊन हिंडत होता. ते फोमचे नव्हते, प्लास्टिकचे छर्रे मारणारे होते, पण दिसायला हुबेहूब खऱ्यासारखे. अशा खेळण्याच्या नळीला नारिंगी टोक असते, ते त्यावर नव्हते. कुणीतरी पोलिसांना फोन केला. बहुधा खोटे असावे, असेही फोन करणाऱ्याने सांगितले होते, पण ते गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोचले नाही. गाडी येऊन थांबल्यावर दोन सेकंदांच्या आत गोळी सुटली. मुलगा दुसऱ्या दिवशी गेला. पोलिसांवर खटला भरायचा नाही असे डिसेंबर २०१५ मध्ये ठरले. २०१६ मध्ये शहराने कुटुंबाला ६० लाख डॉलर द्यायचे मान्य केले.

"माझा मुलगा आता त्याच वयाचा आहे डॉक्टर," ते म्हणाले. "आमच्या घरी काळं खेळणं येतच नाही. आणि ब्लास्टर अंगणाबाहेर न्यायचं तर पिशवीत."

नळीचे नारिंगी टोक ही शोभा नाही. खेळण्यातल्या बंदुकीवर अशी खूण हवी, असा कायदा अमेरिकेने १९८८ मध्ये केला आणि मे १९८९ पासून तो लागू झाला. अंधारात, घाईत, भेदरलेल्या माणसाला एका नजरेत कळावे एवढाच त्याचा हेतू. त्यातले जाणकार छंदवालेसुद्धा ब्लास्टर हौसेने रंगवतात, पण भडक रंगात. आणि खेळात नसलेल्या माणसावर ते रोखत नाहीत. आपल्याकडे पोलिसांच्या कमरेला पिस्तूल अपवादाने दिसते, म्हणून आपल्याला हे दूरचे वाटते. पण रात्रीच्या नाकाबंदीत मोटारसायकलवरच्या पोराच्या पँटमध्ये खोचलेली काळी मूठ दिसली, तर हवालदाराने काय समजावे? सराफाच्या दुकानात कुणी गंमत म्हणून ती काढली तर? माझा कंपाउंडर भरदिवसा दारापाशी पळाला होता, हे विसरू नका.

आता बाजारात तर खऱ्या पिस्तुलाच्या मापाची, गोळी सुटल्यावर रिकामे कवच बाजूला उडवणारी काळी खेळणी आली आहेत. घ्यायचेच तर भडक रंगाचे घ्या. आपल्या देशात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, ते पाहा. मात्र घरी स्प्रिंग बदलली की त्या चिन्हाला अर्थ उरत नाही. संरक्षक चष्मा प्रत्येक खेळाडूला हवा, बघ्यांनाही हवा. वाफ धरली तर खेळ थांबवून पुसायचा.

आणि डोळ्याला गोळी लागलीच, तर डोळा चोळू नका, दाबू नका. गुलाबपाणी, मध, तूप, अंगावरचे दूध, काहीही घालू नका. पेल्यासारखे काही उलटे ठेवून डोळा झाका, डोके उंचावर ठेवा. वेदनेसाठी अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. दिसणे अंधूक झाले, उलटी झाली, मूल गुंगीत वाटले, तर सकाळची वाट पाहू नका. पहिले पाच दिवस पुन्हा रक्त येण्याचा धोका असतो, म्हणून मूल हिंडते फिरते दिसले तरी धावपळ बंद.

गुरुजींच्या नातवाने ते दिवस माजघरात तीन उशांवर टेकून काढले. डोळ्यातला दाब वाढला होता, तो औषधाने उतरला. महिन्याभराने नजर पूर्ववत झाली. पण अशा मारानंतर डोळ्यातला दाब कित्येक वर्षांनीसुद्धा वाढू शकतो आणि त्याचा काचबिंदू होतो, तेही न दुखता. म्हणून दरवर्षी एकदा तपासणी, आणि ती आयुष्यभर. गुरुजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर या वर्षीची तारीख लिहून ठेवली आहे.

दादाने पश्चात्तापाने काळा रंग काढायचे ठरवले. थिनरचा बोळा फिरवला तर रंगाबरोबर प्लास्टिकही विरघळू लागले. ते वेडेवाकडे झालेले ब्लास्टर अजून गुरुजींच्या माळ्यावर आहे.