गुठळी टिकवणारं औषध

दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त वाहत असतं. बाळ जन्मतं, वार सुटते आणि ती जिथे चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. बहुतेक बाळंतपणांत गर्भाशय लगेच आवळून घट्ट होतं, त्याच्या स्नायूंत या वाहिन्या पिळल्या जातात आणि उरलेली तोंडं रक्ताच्या गुठळ्या बंद करतात. गर्भाशय सैल राहिलं, कुठे फाटलं किंवा वारेचा तुकडा आत राहिला, तर चांगली धडधाकट बाई दोन-चार तासांत दगावू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ७०,००० स्त्रिया प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने मरतात. त्यातल्या बहुतेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या असतात.

या मृत्यूंपैकी काही टाळू शकणारं एक स्वस्त औषध १९६२ सालापासून ठाऊक आहे. बाळंतिणींमध्ये ते खरोखर उपयोगी पडतं का, याचं भरवशाचं उत्तर मिळायला २०१७ उजाडलं. मधली पंचावन्न वर्षं कुठे गेली, हा प्रश्न मला त्या औषधाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

औषधाचं नाव ट्रॅनेक्सामिक ॲसिड. पाळीत अंगावरून फार जात असेल तर डॉक्टर याच्याच गोळ्या लिहून देतात, त्यामुळे अनेक घरांत ते ओळखीचं आहे. हिमोफिलियाच्या रुग्णाचा दात काढतानाही ते वापरलं जातं. रक्त थांबवणारं औषध म्हटलं की ते गुठळी तयार करत असेल असं आपण धरून चालतो. ट्रॅनेक्सामिक ॲसिड तसं काही करत नाही. जखम झाली की रक्तातल्या बिंबिका तिथे गोळा होतात आणि फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे त्यांच्याभोवती जाळं विणतात. ही झाली गुठळी. ती कायम राहिली तर रक्तवाहिनीच तुंबेल, म्हणून शरीराने ती विरघळवण्याची सोयही करून ठेवली आहे. रक्तातलं प्लास्मिनोजेन फायब्रिनच्या धाग्यांवर जाऊन बसतं, तिथे त्याचं प्लास्मिन होतं आणि प्लास्मिन ते धागे तोडतं. धाग्यावर बसताना प्लास्मिनोजेन लायसिन या अमिनो आम्लाला धरतं. ट्रॅनेक्सामिक ॲसिडची घडण लायसिनसारखी असल्यामुळे ते प्लास्मिनोजेनमधली लायसिनची जागा आधीच अडवून बसतं. एसटी फलाटाला लागताच कोणी खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी, तसंच हे आहे. प्लास्मिनोजेनला मग फायब्रिन धरता येत नाही आणि झालेली गुठळी टिकून राहते.

हा शोध जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याचा. उताकोबाईंना खरं तर मेंदूवर संशोधन करायचं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमध्ये त्यासाठी ना पैसा होता ना साधनं. मग दोघांनी रक्ताचा विषय घेतला, कारण प्रयोगाला रक्त कमी पडलं तर स्वतःचं काढता येत होतं. लहान मुलीला पाठीशी बांधून त्या प्रयोगशाळेत काम करत. लायसिन प्लास्मिनला थोडंफार अडवतं असं त्यांच्या लक्षात आलं. त्याच्या रेणूत फेरफार करत ते आधी एप्सिलॉन अमिनोकॅप्रोइक ॲसिडपर्यंत पोचले आणि पुढे त्याहून कितीतरी प्रभावी अशा ट्रॅनेक्सामिक ॲसिडपर्यंत. बाळंतिणींचे जीव वाचावेत हीच उताकोबाईंची पहिल्यापासूनची इच्छा होती. त्या कोबे शहरात राहायला गेल्या तेव्हा तिथल्या डॉक्टरांना त्यांनी औषधाची चाचणी घ्या म्हणून विनवलं, पण कोणी तयार झालं नाही.

औषध पुढे बाजारात आलं आणि दंतवैद्यक, शस्त्रक्रिया, पाळीच्या तक्रारी यांत रुळलं. अपघातातला किंवा बाळंतपणातला रक्तस्राव हा आणीबाणीचा प्रसंग. तिथे चाचणी घ्यायची तर हजारो रुग्ण लागणार, आणि पेटंट संपलेल्या स्वस्त औषधावर एवढा खर्च करण्यात कोणत्याही कंपनीचा फायदा नव्हता. अखेर मुख्यतः सरकारी आणि धर्मादाय पैशाच्या बळावर हे काम लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमधल्या इयान रॉबर्ट्स आणि हलीमा शकूर यांनी अंगावर घेतलं.

त्यांची पहिली मोठी चाचणी अपघातातल्या जखमींवर झाली. ‘क्रॅश-२’ या चाचणीत ४० देशांतल्या २७४ रुग्णालयांतले २०,२११ रुग्ण होते आणि त्यांत भारतातल्या रुग्णालयांचा वाटा मोठा होता. अर्ध्या रुग्णांना औषध मिळालं आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली सलाइन. कोणाला काय दिलं हे ना डॉक्टरला ठाऊक होतं ना नातेवाइकांना. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. नुसती सलाइन मिळालेल्यांपैकी १६ टक्के रुग्ण दगावले होते आणि औषध मिळालेल्यांपैकी १४.५ टक्के. म्हणजे साधारण ६७ जणांना औषध दिलं की एक जीव वाचतो. एवढा फरक दोनशे-तीनशे रुग्णांच्या चाचणीत दिसलाच नसता. योगायोगाच्या चढउतारात हरवून गेला असता. चाचणी एवढी मोठी का हवी, याचं याहून स्पष्ट कारण मला सांगता येणार नाही. गुठळ्या टिकल्यामुळे हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढतील ही सगळ्यांची मोठी भीती होती, तीही या जखमींमध्ये खरी ठरली नाही. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेलं.

वैद्यकाचं वागणं बदलावं अशी गोष्ट त्या आकड्यांच्या पुढच्या उलगड्यात दडलेली होती. दुखापतीनंतर एका तासाच्या आत औषध मिळालेल्यांमध्ये रक्तस्रावाने होणारे मृत्यू ७.७ टक्क्यांवरून ५.३ वर आले. एक ते तीन तासांत दिलं तर ६.१ वरून ४.८ वर. तीन तास उलटल्यावर दिलं तर मृत्यू वाढले: ३.१ वरून ४.४ टक्के. औषध तेच, मात्राही तीच. यामागचा तर्क असा की दुखापतीनंतर लगेच गुठळी विरघळवणारी यंत्रणा जोर करते आणि काही तासांनी शरीर स्वतःच तिला आवर घालतं. आवर बसल्यावर बाहेरून आणखी अडथळा घातला तर हाती काही लागत नाही, उलट अपायच होऊ शकतो.

त्यानंतर आली ‘वुमन’ चाचणी. २१ देशांतली १९३ रुग्णालयं आणि प्रसूतीनंतर रक्तस्राव झालेल्या २०,०६० स्त्रिया. मृत्यू किंवा गर्भाशय काढावं लागणं, असं एकत्र मोजमाप आधी ठरवलेलं होतं आणि त्यात फरक पडला नाही. कारण चाचणी सुरू झाल्यावर ध्यानात आलं: पुष्कळ ठिकाणी गर्भाशय काढण्याचा निर्णय औषध देण्याच्या सुमारासच होत होता, औषधाला काम करायला वेळच उरत नव्हता. रक्तस्रावाने झालेले मृत्यू वेगळे काढले तेव्हा चित्र दिसलं. औषधाच्या गटात १५५ आणि दुसऱ्या गटात १९१. तीन तासांच्या आत औषध मिळालेल्यांमध्ये ८९ विरुद्ध १२७. हा निकाल एप्रिल २०१७ मध्ये छापून आला. उताको ओकामोतो त्याच्या वर्षभर आधी, एप्रिल २०१६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी वारल्या होत्या.

दोन्ही चाचण्यांतल्या चाळीस हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा दर पंधरा मिनिटांच्या उशिरामागे औषधाचा फायदा साधारण १० टक्क्यांनी घटतो असं आढळलं.

या संशोधकांबद्दल मला सर्वाधिक आदर वाटतो तो पुढच्या दोन चाचण्यांमुळे. जठरातून किंवा आतड्यातून रक्त जातं तेव्हा हे औषध मृत्यू बरेच कमी करतं, असं आधीच्या लहान लहान चाचण्यांची बेरीज सांगत होती. अनेक डॉक्टर ते देतही होते. ‘हॉल्ट-इट’ चाचणीत १२,००९ रुग्ण घेतले आणि २०२० मध्ये निकाल आला: मृत्यूंत काहीही फरक नाही, आणि शिरांमध्ये गुठळ्या होण्याचं प्रमाण ०.४ टक्क्यांवरून ०.८ वर गेलेलं. ज्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षं या औषधामागे घालवली, त्यांनीच ते इथे देऊ नका म्हणून सांगितलं.

दुसरी चाचणी आपल्याला जास्त जवळची आहे. अंगात रक्त कमी असलेल्या बाईला थोडा रक्तस्रावही झेपत नाही; मग रक्तस्राव सुरू होण्याआधीच औषध दिलं तर? ‘वुमन-२’ने पाकिस्तान, नायजेरिया, टांझानिया आणि झांबियातल्या मध्यम किंवा तीव्र रक्तक्षय असलेल्या १५,०६८ बाळंतिणींवर हे तपासलं. औषधाने रक्तस्राव टळला नाही. त्याच स्त्रियांच्या नोंदींतून आणखी एक गोष्ट पुढे आली. मध्यम रक्तक्षयाच्या तुलनेत तीव्र रक्तक्षय असलेल्या स्त्रीला मरणाचा किंवा मरणाच्या दारापर्यंत जाण्याचा धोका सुमारे सात पटींनी जास्त होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत भारतातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. त्यांच्यासाठी प्रसूतिगृहातलं कोणतंही इंजेक्शन लोहाच्या गोळ्यांची आणि पोटभर सकस जेवणाची जागा घेऊ शकत नाही, आणि ते काम बाळंतपणाच्या कितीतरी महिने आधी सुरू व्हावं लागतं.

औषध तीन तासांत द्यायचं तर रक्त जास्त जातंय हे आधी कळायला हवं. चादरी, कापसाचे बोळे, बादली यांकडे नजर टाकून केलेला अंदाज फसतो, आणि तो बहुधा कमीच निघतो. यावरचा एक साधा उपाय आपल्या शेजारचा आहे. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर बाळंतिणीखाली अंथरायची प्लास्टिकची चादर वापरात आणली. तिच्या टोकाला निमुळती पिशवी असते आणि पिशवीवर मिलिलिटरच्या खुणा. नजरेने केलेला अंदाज या पिशवीतल्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरतो, असं त्यांच्या २००६ च्या अभ्यासात दिसलं. त्याच वर्षी बेळगाव जिल्ह्यातल्या १,६२० बाळंतिणींचा अभ्यासही प्रसिद्ध झाला. त्यात गावपातळीवरच्या एएनएमनी (परिचारिका-सुईणींनी) बाळंतपणानंतर गर्भाशय आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या होत्या आणि जास्त रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं होतं. तिथेही रक्त मोजलं गेलं ते याच चादरीने.

अशा मापाच्या चादरीचं महत्त्व जगाला पटलं ते २०२३ च्या ‘ई-मोटिव्ह’ चाचणीने. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली ८० रुग्णालयं, दोन लाखांहून अधिक बाळंतपणं. चादरीवर रक्त मोजायचं आणि मर्यादा ओलांडली की गर्भाशय चोळणं, ते आवळणारी औषधं, ट्रॅनेक्सामिक ॲसिड, सलाइन आणि तपासणी हे सगळं एकदमच सुरू करायचं. एक उपाय करून वाट पाहायची आणि मग दुसऱ्याकडे वळायचं, ही जुनी रीत सोडून दिली. अतिगंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडून करावी लागणारी शस्त्रक्रिया किंवा रक्तस्रावाने मृत्यू, यांचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीत ४.३ टक्के होतं. नव्या पद्धतीत ते १.६ टक्क्यांवर आलं. यातलं एकही औषध नवं नव्हतं.

ट्रॅनेक्सामिक ॲसिड हाताळताना एक काळजी घ्यावीच लागते. सिझेरियनच्या वेळी कण्यात दिल्या जाणाऱ्या भुलीच्या औषधाची ॲम्पूल आणि याची ॲम्पूल अनेकदा सारखी दिसते. चुकून हे कण्यात गेलं तर झटके येतात आणि अनेक रुग्ण दगावतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये याबद्दल इशारा दिला. दोन्ही औषधं वेगळ्या कपाटांत ठेवणं आणि टोचण्याआधी लेबल मोठ्याने वाचणं प्रत्येक शस्त्रक्रियागृहाला जमण्यासारखं आहे.

आता प्रश्न उरतो शिरेचा. हे औषध शिरेतून सावकाश, दहा मिनिटं घेऊन द्यावं लागतं. उपकेंद्रात किंवा रुग्णवाहिकेत, रक्त जाऊन शिरा दबलेल्या बाईला सुई लावणं अनुभवी सिस्टरलाही कठीण जातं. स्नायूत टोचलं तरी औषध काही मिनिटांतच रक्तात पुरेशा प्रमाणात पोचतं, असं जखमींच्या एका छोट्या अभ्यासात २०२१ मध्ये दिसलं. त्या आधारावर लंडनच्या याच गटाने बाळंतिणींसाठी स्नायूत टोचायच्या इंजेक्शनची मोठी चाचणी हाती घेतली. ते इंजेक्शन सिद्ध झालं तर शीर शोधत बसण्याची गरज उरणार नाही, आणि पहिलं औषध देण्याचं काम उपकेंद्रातल्या एएनएमलाही करता येईल.