मोबाईलवरील लिनक्स व मालकाची किल्ली

मोबाईल हाही एक संगणकच. मग संगणकावरील लिनक्सचीं सुरक्षा-साधनें त्यावर कां चालूं नयेत, असें जिज्ञासू तरुण वारंवार विचारतात. प्रश्न रास्त आहे. १९९१ सालीं लिनस टॉरव्हाल्ड्स यांनीं लिनक्सचा जो गाभा जगापुढें मांडला, त्याच्याच आधारावर अँड्रॉइड उभें आहे.

परंतु जोतें एक असलें तरी वरची इमारत निराळी. अँड्रॉइड ही एक चाळ आहे असें समजा. प्रत्येक अ‍ॅपला स्वतंत्र खोली. दुसऱ्याच्या खोलींत डोकावण्याची मुभा नाहीं. मालकाची किल्ली, जिला ‘रूट’ म्हणतात, ती बहुधा फोन विकत घेणाऱ्यालाही देत नाहींत! जाच वाटतो खरा. पण याच व्यवस्थेमुळें एखादें लबाड अ‍ॅप बँकेच्या अ‍ॅपच्या खोलींत सहजासहजीं शिरूं शकत नाहीं.

किल्लीवांचून किती मजल मारतां येते? ‘टर्मक्स’ हें अ‍ॅप आपल्याच खोलींत लिनक्सचा लहानसा संसार थाटतें. तेथें १९९७ सालापासून विख्यात असलेलें ‘एनमॅप’ चालतें आणि घरच्या राउटरचीं कोणतीं दारें उघडीं आहेत तें दाखवितें. संगणकावर रूटच्या अधिकारानें तें दारावर नुसती टकटक करून, उत्तर येतांच परततें. त्यासाठीं हातानें घडविलेलीं पॅकेटें लागतात. तीं रूटवांचून पाठवितां येत नाहींत. म्हणून येथें प्रत्येक दारीं रीतसर जोडणी करून पाहावी लागते. काम मात्र होतें. गृहस्थाला एवढें पुरेसें आहे, असें माझें मत.

मात्र तपासणी आपल्याच जाळ्याची हवी. परक्याच्या संगणकांत लबाडीच्या हेतूनें परवानगीवांचून शिरल्यास, २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ व्या कलमान्वयें ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात.

ज्यांना अधिक हवें, त्यांच्यासाठीं २०१४ सालीं ‘काली नेटहंटर’ निघालें. त्याच्या पूर्ण आवृत्तीस त्या त्या फोनसाठीं नव्यानें घडविलेला गाभा लागतो. आसपासच्या वायरलेस लहरी नुसत्या ऐकत बसण्याचें काम फोनमधील चिप बहुधा करीत नाहीं. त्यासाठीं बाहेरून यूएसबी अडॅप्टर जोडावा लागतो. आणि किंमत? बूटलोडर खुला करतांच सामान्यतः फोनमधील सारी माहिती पुसली जाते. बँकांचीं अनेक अ‍ॅपें अशा फोनवर चालण्याचें नाकारतात. पहारेकरी ठेवण्यासाठीं घराची भिंत पाडावयाची, असा हा प्रकार! नित्याच्या फोनवर तो कोणीं करूं नये. हौस असेल तर कपाटांतला जुना फोन काढावा, आणि तो नमुना नेटहंटरच्या यादींत आहे कीं नाहीं, तें आधीं पाहावें.