औषधाच्या बाटलीबाहेरचा उपचार

कंपवाताच्या रोग्याची आपल्याकडे कशी सेवा होते, हे कोणत्याही वाड्यावर जाऊन पाहावे. ओसरीवरच्या आरामखुर्चीत त्याला बसविले जाते. पेज, चहा, गोळी सारे जागच्या जागी येते. तो उठू लागला की आतून कुणीतरी धावते आणि "तुम्ही बसा, मी आणते" म्हणून त्याला पुन्हा खाली बसविते. या मायेबद्दल आम्हांस आदरच आहे. परंतु रोग्याचे पाय लवकर निकामी करण्याचे काम पुष्कळदा हीच माया करीत असते, हे स्पष्टपणे सांगणे आम्हांस प्राप्त आहे.

या रोगाचे पहिले नीट वर्णन जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टराने १८१७ साली केले. (हा गृहस्थ त्यापूर्वी टोपणनावाने सरकारविरोधी पत्रके लिहीत असे व १७९४ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे त्याची जबानीही झाली होती, ते असो.) त्याने वर्णिलेल्या सहा रुग्णांपैकी काही जण त्याला केवळ रस्त्यात दिसले होते. पुढे झुकलेली ती घाईची, आखूड पावलांची चाल पाहूनच त्याने रोग ओळखला. म्हणजे हा रोग प्रथम लक्षात आला तो चालीवरून. आज मात्र चालीखेरीज सर्व गोष्टींवर उपचार करून आपण स्वस्थ बसतो.

मेंदूतील डोपामिन हे द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी मरू लागतात, हे या रोगाचे मूळ. १९६० नंतरच्या दशकात लेव्होडोपा हे औषध आले आणि खिळलेली माणसे हिंडू लागली. त्या औषधाचे ऋण कुणी नाकारणार नाही. पण ताठरपणा व मंदपणा यांवर ते जितके चालते, तितके तोल जाण्यावर चालत नाही. पाऊल जमिनीला चिकटल्यासारखे होऊन माणूस जागच्या जागी थिजतो, त्यावरही ते पुष्कळदा अपुरे पडते. आणि रोगी पडतो तो नेमका तेथेच. खुब्याचे हाड मोडले की पुढची कहाणी घरोघरी ठाऊक आहे.

या ठिकाणी भौतिकोपचार, म्हणजे फिजिओथेरपी, उपयोगी पडते. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त गुरुजींची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ते स्वतःच्या घराच्या उंबरठ्याशी थिजत. पण देवळाच्या पायऱ्या बिनचूक चढत! घरच्यांना वाटे, गुरुजी ढोंग करतात. वास्तविक यात ढोंग नाही. आपण विचार न करता चालतो ती आपोआप चालण्याची यंत्रणा या रोगात बिघडते, परंतु डोळ्यांसमोर खूण ठेवून, जाणूनबुजून टाकलेले पाऊल मेंदूला अजून जमते. पायरी ही अशीच एक खूण आहे. ही गोष्ट जाणणाऱ्या एका तरुण भौतिकोपचारकाने गुरुजींच्या लाल कोब्यावर, उंबरठ्याच्या अलीकडे-पलीकडे, पावलापावलाच्या अंतरावर पांढऱ्या आडव्या पट्ट्या मारून दिल्या. खर्च रंगाच्या एका डब्याचा. गुरुजी आज पट्टी ओलांडून अंगणात येतात.

असेच बाकीचे शिक्षण. टाचेवर गर्रकन वळू नये. तुळशीला प्रदक्षिणा घालावी तसे मोठ्या वळणाने फिरावे. खुर्चीतून उठताना कडेला सरकावे, पावले मागे घ्यावीत, अंग पुढे झुकवावे आणि मोजून उठावे. थिजल्यास घरच्यांनी हात धरून ओढू नये. थांबावे, वजन या पायावरून त्या पायावर घ्यावे, मग मोठे पाऊल टाकावे. चालताना तांब्या हातात देऊ नये आणि गप्पाही मारू नयेत. हे वाचून कुणी म्हणेल, यात विद्या ती कोणती? विद्या आहे ती यांपैकी कोणते, कोणाला, रोगाच्या कोणत्या पायरीवर आणि औषधाचा अंमल असताना किती वेळ, हे ठरविण्यात. मुळापासून रोग बरा करण्याचा दावा यात नाही आणि तसा दावा करणाऱ्यापासून वाचकांनी दूर राहावे. परंतु २०१२ साली अमेरिकेत १९५ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात ताई ची हा संथ चिनी व्यायाम करणाऱ्यांचा तोल सुधारला, आणि नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते कमी पडले, हे नोंदलेले आहे. पुण्यात नर्तक ऋषीकेश पवार यांनी या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालविले. आपल्या गोव्यात तर ताल बाहेरून आणावयास नको. झांज प्रत्येक वाड्यावर आहे.

नाही ती शिकविणारी माणसे. काणकोणच्या किंवा वाळपईच्या म्हाताऱ्याने बसचा उंच पायदान चढून दर आठवड्यास बांबोळी गाठावी, ही अपेक्षाच क्रूर आहे. हॉलंडने २००४ पासून प्रत्येक भागातील मोजके भौतिकोपचारक निवडले, त्यांना या एकाच रोगाचे खास शिक्षण दिले आणि रुग्ण त्यांच्याकडेच धाडण्याची व्यवस्था केली. पाहता पाहता ते जाळे देशभर पसरले. आपले राज्य त्या मानाने तळहाताएवढे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टात पार्किन्सनचा रोग नावानिशी घातलेला आहे. तेव्हा ही याचना नव्हे. प्रत्येक तालुक्याच्या आरोग्य केंद्रात या कामाचे शिक्षण घेतलेला निदान एक भौतिकोपचारक, आठवड्यातून ठरलेला एक दिवस, आणि रोगाचे निदान झाले त्याच दिवशी त्याच्याकडे जाण्याची चिठ्ठी, एवढे आरोग्य खात्याने करावे. रोगी पहिल्यांदा पडेपर्यंत ती चिठ्ठी लांबवू नये.